पाचव्या मिनिटालाच जीभ का अडखळते?

पत्राचा सारांश: फोंडा तालुक्यातल्या एका गावची ही वाचक डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गासाठी तिला 8 मिनिटांचं स्लाइड प्रेझेंटेशन इंग्रजीतून रेकॉर्ड करून द्यायचं आहे. विषय तिने स्वतःच निवडला: गोव्यातल्या जुन्या घरांच्या, काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडक्या आणि त्या बांधणीवरून आज काय घडवता येईल; तिने स्वतः एक दिवा योजला आहे. चौथीपर्यंत मराठी शाळा, घरात मराठी-कोंकणी, त्यामुळे इंग्रजी बोलायची धास्ती. 38 स्लाइड तयार आहेत. स्क्रीन रेकॉर्डिंग लावून 14 वेळा सगळं पहिल्यापासून बोलून झालं, पण दर वेळी पाचव्या मिनिटाच्या आसपास अडखळायला होतं. एकदाच शेवटपर्यंत जमलं, तर फाइल 1.4 जीबीची निघाली आणि कॉलेजच्या फॉर्मला 200 एमबीच्या वर चालत नाही. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आहे, घर पाहुण्यांनी भरणार, पत्र्यावर पाऊस आहेच. मावसभाऊ म्हणतो, लिहिलेलं सगळं संगणकाच्या आवाजाकडून वाचून घे. ती विचारते: ‘ही फसवणूक होईल का? माझं इंग्रजी ऐकून लोक हसतील, त्यापेक्षा ते बरं नाही का?’ हातात 9 दिवस आहेत.

उत्तर:

मुली, आधी एक साधा हिशेब कर. 14 वेळा पहिल्यापासून सुरुवात केलीस, म्हणजे पहिली पाच मिनिटं 14 वेळा बोललीस आणि शेवटची तीन जेमतेम एकदा. सुरुवात घासून-पुसून लखलखीत झाली आणि शेवट कच्चाच राहिला. गंमत म्हणजे तुझं खरं काम, ‘यातून मी काय घडवलं’, ते त्या शेवटच्या तीन मिनिटांत आहे.

जत्रेतल्या नाटकात पडदा एकदा वर गेला की थांबता येत नाही; चुकलं तरी सावरून पुढे जावं लागतं. रेकॉर्डिंगला ती अट कोणी घातली? तुझ्या सरांनी घातलेली नाही, पत्रात तरी तसं काही दिसत नाही. ‘एका दमात, एकही चूक न करता’ हा नियम तुझा तूच लावून घेतला आहेस. तो आधी सोडू या, कारण तुझी निम्मी धास्ती त्यातून आलेली आहे.

आता अडखळण्याकडे बघू. तू स्लाइडची यादी जोडलीस ते फार बरं केलंस. 8 मिनिटं म्हणजे 480 सेकंद. 38 स्लाइडना भागलं तर एकीला साडेबारा सेकंद. त्या चालीने पाचव्या मिनिटाला तू तेविसाव्या-चोविसाव्या स्लाइडवर असतेस. यादीत तेविसावी बघ: शीर्षक ‘बांधणी’, पाच फोटो, मजकुराच्या नऊ ओळी. खिडकीची चौकट, शिंपला, तो कापणं, बसवणं आणि दुरुस्ती, सगळं एकाच पानावर. साडेबारा सेकंदांत इतकं कोणालाही सांगता येणार नाही, इंग्रजी कितीही फाडफाड असलं तरी. तुझी जीभ तिथे अडखळते कारण त्या पानावर आधी काय आणि मग काय हे अजून ठरलेलं नाही. दोष उच्चाराचा असता तर तो पहिल्या मिनिटापासून दिसला असता, रोज ठरावीक ठिकाणी नसता आला.

म्हणून बाकीचं बाजूला ठेव आणि ही एक स्लाइड फोडून बघ. तिच्या तीन होतील.

पहिलीवर फक्त एक फोटो, पानभर: खोलीच्या आतून दिसणारी झडप, मागून उजेड येतोय. अक्षर एकही नको. यावर तू 8 ते 10 सेकंद बोलशील. दुसरीवर फोटो नको, रेषांचं चित्र हवं: लाकडी पट्टीचा आडवा छेद, तिच्यातली खाच आणि खाचेत बसलेली शिंपल्याची कड. शिंपल्याला एक रंग, लाकडाला एक, बस्स. हीच तुझ्या अख्ख्या प्रेझेंटेशनची सगळ्यात महत्त्वाची स्लाइड. हिला 45 ते 50 सेकंद दे. तिसरीवर एकच शिंपला, जवळून, तळहातावर ठेवलेला, म्हणजे आकार लगेच कळतो. दुसरीवर बोलताना शब्द साधे हवेत: ‘शिंपला ठोकलेला नाही. चिकटवलेला नाही. खाचेत सरकवलेला आहे.’ हीच तीन वाक्यं इंग्रजीत म्हणून बघ. प्रत्येकी चार-पाच शब्दांची होतात. यात अडखळण्यासारखं काय आहे?

तुझं इंग्रजी अवघड झालंय ते तू निबंध लिहिलास म्हणून. लिहिलेली वाक्यं डोळ्यांसाठी असतात. बोलायची वाक्यं श्वासाएवढी हवीत. संहिता नव्याने लिही, एका वाक्यात एकच गोष्ट, 12 शब्दांच्या वर जाऊ नकोस. जिथे श्वास घ्यायचा तिथे तिरकी रेघ मार. जो शब्द तीनदा म्हणूनही जिभेवर बसत नाही तो काढून टाक. ‘ट्रान्सलूसंट’ जमत नाही ना, तर ‘लेट्स लाइट थ्रू’ म्हण. अर्थ तोच आणि ऐकणाऱ्याला जास्त लवकर कळतो. शांतपणे बोललं तर मिनिटाला साधारण 110 शब्द होतात. म्हणजे 8 मिनिटांना 880. मध्ये चित्र बघायला जागा सोडायची म्हणून संहिता 800 शब्दांच्या आत ठेव. तुझी आत्ताची दीड हजारांच्या पुढची आहे. ती 8 मिनिटांत बसवायची तर धावावंच लागणार.

आणि हो, स्लाइडवर लिहिलेलंच वाचून दाखवू नकोस. बघणारा तुझ्यापेक्षा भरभर वाचतो, वाचून मोकळा होतो आणि मग तुझा आवाज त्याच्या मागे फरफटत येतो. स्लाइडवर चित्र आणि फार तर सहा-सात शब्द, बाकीचं तोंडात.

‘38 स्लाइड म्हणजे मेहनत दिसेल’ असं तू लिहिलंयस. मेहनत दिसते, पण कसली ते दिसत नाही. तुझ्या यादीत खिडक्यांच्या इतिहासाच्या 21 स्लाइड आहेत आणि स्वतःच्या रचनेच्या दोन, सदतिसावी आणि अडतिसावी. हा डिझाइनचा वर्ग आहे. वेळ अशी वाट: खिडकी म्हणजे काय याला 1 मिनिट, बांधणीला 3, काच आल्यावर ती मागे का पडली याला 1 आणि उरलेली 3 मिनिटं तुझ्या वस्तूला. मग स्लाइड 16 झाल्या काय, 20 झाल्या काय, फरक पडत नाही. मापायचंच असेल तर प्रत्येक स्लाइडवर आपण नक्की कोणती एक गोष्ट सांगतोय ते मापावं. जिला सांगता येत नाही ती गेली. टाकवत नसेल तर शेवटच्या स्लाइडनंतर ‘जोडपत्र’ म्हणून ठेव. सरांनी विचारलं तर हाताशी असेल.

तुझ्या दिव्याच्या कल्पनेबद्दल एक प्रश्न सर नक्की विचारतील, तेव्हा तू आधीच उत्तर दे. हा शिंपला म्हणजे, शास्त्रीय नावाने, प्लाकुना प्लासेंटा, चिखलीच्या खाडीत सापडणारा. जिवंत प्राण्याचं कवच. आजच्या दिव्यासाठी तो तू कुठून आणणार? माझ्या मते शिंपला सोडून दे आणि खाच घे. सरकवून बसवायची ती पट्टी हाच या खिडकीतला शहाणपणा आहे. तिच्यात हातकागद बसेल, दुधी ॲक्रिलिक बसेल. मग एक स्लाइड अशी कर: डावीकडे जुन्या पट्टीचा छेद, उजवीकडे तुझ्या पट्टीचा, दोन्ही एकाच मापात. ‘जुन्यापासून प्रेरणा घेतली’ असं तोंडाने सांगायची मग गरज उरत नाही. जो नमुना फसला त्याचाही फोटो लाव आणि का फसला ते दोन वाक्यांत सांग: खाच रुंद झाली, कागद पावसाळी हवेने फुगला, जे असेल ते. असल्या स्लाइडवर शिक्षक थांबतात.

फोटोंबद्दल. तुझ्या बऱ्याच फोटोंत खिडकी पांढरीफेक आली आहे, कारण फोन अंधाऱ्या खोलीकडे बघून उजेड वाढवतो. पडद्यावर शिंपल्याच्या भागावर बोट ठेव, मग उजेडाची खूण खाली ओढ. खोली काळी होईल, होऊ दे, शिंपल्याची शीर आणि मोतिया झाक वर येईल. ढगाळ दिवस याला उत्तम, कोवळा सारखा उजेड मिळतो. म्हणजे पावसाने एवढी तरी मदत केली. ज्यांच्या घराची खिडकी आहे त्यांना विचारून फोटो घे आणि घरमालकांचं नाव-पत्ता स्लाइडवर टाकू नकोस. गावाचं नाव पुरे.

अक्षरं. पान 16:9 चं घे. मजकूर 24 पॉइंटच्या खाली नको, फोटोखालची ओळ 18 च्या खाली नको. सर ते लॅपटॉपवर बघतील की बसमध्ये फोनवर, तुला ठाऊक नाही. म्हणून स्लाइड फोनवर उघड आणि हात लांब करून धर. वाचता आली तर ठीक. तू शीर्षकाला पांढऱ्यावर अबोली रंग दिला आहेस. फुलात छान दिसतो, अक्षरात विरून जातो. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक निदान 4.5 ला 1 हवा. तो मोजून देणारी फुकट साधनं नेटवर आहेत. खिडकीच्या लाकडाचा गडद तपकिरी घेतलास तर प्रश्न मिटेल आणि विषयालाही शोभेल.

देवनागरी शब्दांची मात्र वेगळी काळजी घे. इंग्रजी शीर्षकं ऐसपैस दिसावीत म्हणून तू अक्षरांमधलं अंतर वाढवलंस आणि तेच ‘शिंपला’ या शब्दालाही लागलं. त्याची शिरोरेषा तुटून तुकडे झाले आहेत. देवनागरीत अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवायचं, ओळींमधलं वाढवायचं, कारण वेलांटी-मात्रा वर आणि उकार खाली जागा मागतात. फॉन्ट युनिकोडचाच हवा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्याच्या संगणकावर भलतंच काहीतरी दिसतं. ‘मुक्ता’ घे, मराठी-इंग्रजी दोन्ही त्यात नीट नांदतात. डिझाइनच्या विद्यार्थिनीकडून शिरोरेषा तुटलेली कोणालाच आवडणार नाही, आणि हे मी थोडं रागावूनच लिहितेय.

आता रेकॉर्डिंग. पॉवरपॉइंटमध्ये आवाज स्लाइडगणिक वेगळा साठवला जातो. तुझ्या सगळ्या कटकटीवर हाच उतारा आहे, म्हणून सावकाश वाच. ‘रेकॉर्ड’मध्ये जाऊन ‘फ्रॉम करंट स्लाइड’ निवड. एक सेकंद गप्प राहा, बोल, पुन्हा एक सेकंद गप्प राहा आणि थांबव. पुढची स्लाइड दाबू नकोस, आधी थांबव. पुढे गेलीस तर पुढच्या स्लाइडवरचं चांगलं झालेलं रेकॉर्डिंग पुसून नवं चढतं. स्लाइड बदलण्याच्या त्या क्षणाला आवाज नोंदला जात नाही, त्यामुळे बोलता बोलता पुढे सरकलं की वाक्याचं शेपूट कापलं जातं. एखादी स्लाइड बिघडली तर तेवढीच पुसून तेवढीच पुन्हा. 40 सेकंदांची चूक 40 सेकंदांतच दुरुस्त होते. आणि सुरुवात पहिल्या स्लाइडपासून करू नकोस. दुसऱ्या दिवशी ताज्या आवाजात आधी शेवटची तीन मिनिटं उरक. पहिली पाच तुला झोपेतही येतात.

लॅपटॉपचा माइक पंख्याचा आणि कीबोर्डचा आवाज ओढतो. तुझा फोन त्यापेक्षा चांगला. फोन विमान मोडवर टाक, पुस्तकांच्या ढिगावर घडी घातलेल्या टॉवेलवर ठेव म्हणजे टेबलाचा धक्का पोचणार नाही. तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला ठेव. अगदी समोर धरलास तर प, फ, ब म्हणताना हवेचा फटका बसतो. प्रत्येक स्लाइडचा आवाज वेगळ्या फाइलमध्ये घे आणि नावं 01, 02 अशी दे. मग ‘इन्सर्ट’मधून ‘ऑडिओ’ घालायचा, ‘ऑटोमॅटिकली’ सुरू होईल असं ठेवायचं, चिन्ह लपवायचं आणि स्लाइड बदलायची वेळ त्या आवाजाच्या लांबीपेक्षा एक सेकंद जास्त द्यायची. थोडं जास्त काम आहे, पण ऐकताना फरक कळतो.

खोली निवडताना दिवाणखाना नको; लादी आणि उघड्या भिंती आवाज घुमवतात. गादी असलेली लहान खोली बघ, कपाटाची दारं उघडी टाक, समोर गोधडी टांग. पंखा बंद. लॅपटॉप बॅटरीवर चालव, चार्जर काही वेळा बारीक गुणगुण मिसळतो आणि पावसात वीज गेली तरी काम अडत नाही. आधी 30 सेकंद बोलून इयरफोन लावून ऐक. आवाजाची पट्टी बघता येत असेल तर सर्वांत मोठा आवाज उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या मध्ये असू दे. आवाज कमी पडला तर वाढवता येतो, फाटला तर शिवता येत नाही.

पावसाचं म्हणशील तर एकसारखी धार चालेल. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला पाच सेकंद गप्प राहा, मग ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये त्या शांततेचा नमुना देऊन मागचा आवाज कमी करता येतो. फार कमी करू नकोस, नाहीतर माणूस डब्यात बसून बोलल्यासारखा वाटतो. पत्र्यावर तडतडणारे थेंब मात्र असे जात नाहीत, तेव्हा सर ओसरायची वाट बघ. वेळ पहाटेची धर, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजायच्या आधी. चवथीच्या दिवसांत घुमट आरत्या सुरू झाल्या की काहीही जमणार नाही, आणि तू तेव्हा खोलीत बसूही नयेस. म्हणून आवाजाचं काम चवथीआधी संपव. त्या गडबडीत स्लाइडवरचे फोटो बदलणं, मापं तपासणं जमतं.

संगणकाच्या आवाजाबद्दल तू जे विचारलंस त्याचं उत्तर आधी सरांकडे आहे. त्यांनी ‘स्वतःच्या आवाजात’ म्हटलं असेल तर विषय संपला. तसं काही सांगितलं नसेल तर दोन ओळींचा निरोप पाठवून विचार. विचारून वापरलं तर फसवणूक नाही, लपवून वापरलं तर आहे. तरीही मी तुला तो वापर म्हणणार नाही. कारण व्यवहारी आहे. यंत्राला आपली गावं येत नाहीत. केपें हे क्यू-यू-ई-पी-ई-एम असं लिहिलेलं दिसलं की इंग्रजी आवाज काय उच्चारेल, तूच कल्पना कर. त्याला बोट दाखवून ‘ही खाच बघा’ म्हणताना नेमकं कुठे थांबायचं तेही कळत नाही. ते तुला कळतं, कारण ती खाच तू हाताने मापली आहेस. आणि सर तोंडी प्रश्न विचारतील तेव्हा तुझा खरा आवाज पुढे येणारच. हसण्याचं म्हणशील तर गोव्याच्या वर्गात पाचवीपासून इंग्रजीकडे वळलेली तू एकटी नसशील. उच्चारासाठी नव्हे, पण समजण्यासाठी खाली इंग्रजी ओळी द्यायच्या असतील तर जरूर दे. संहिता तयार आहेच. ज्यांना गटाने प्रेझेंटेशन करायचं आहे त्यांनी मात्र सगळ्यांचा आवाज एकाच फोनवर, एकाच खोलीत घ्यावा, नाहीतर दर दोन मिनिटांनी घर बदलल्यासारखं ऐकू येतं.

राहिली फाइल. 8 मिनिटांना 1.4 जीबी म्हणजे सेकंदाला सुमारे 23 मेगाबिट. एवढं वेगवान खेळांच्या चित्रणाला लागतं. तुझी चित्रं तर जागची हलत नाहीत. स्क्रीन रेकॉर्डरने सवयीने तो आकडा घेतला. पॉवरपॉइंटमधूनच ‘एक्स्पोर्ट’, ‘क्रिएट अ व्हिडिओ’, ‘फुल एचडी’ असं काढ आणि रेकॉर्ड केलेल्या वेळा वापरायचा पर्याय निवडलेला आहे ना ते बघ. तरी मोठी निघाली तर हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये सेकंदाला चित्राला 2000 आणि आवाजाला 128 किलोबिट दे. 8 मिनिटं साधारण 130 एमबीत बसतात. मूळ पॉवरपॉइंट फाइल जड आहे ती वेगळ्या कारणाने: फोनचे 4000 पिक्सेल रुंदीचे फोटो जसेच्या तसे घातलेत. स्लाइडला 1920 पुरतात. फक्त ज्या फोटोत तू आत झूम करतेस तो मोठा ठेव.

तयार झालेला व्हिडिओ इयरफोन लावून एकदा पूर्ण बघ, मध्ये पुढे न ढकलता, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर. अपलोड शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस, आदल्या दिवशी सकाळी कर. लिंक द्यायची असेल तर आपल्या खात्यातून बाहेर पडून ती उघडते का ते बघ. बंद लिंक पाठवून निवांत बसणारे दर वर्षी निघतात.

शेवटच्या स्लाइडवर ‘थँक यू’ लिहिलंयस ते काढ. तिथे खोलीच्या आतून घेतलेला तोच खिडकीचा फोटो पुन्हा ठेव, खाली लहान अक्षरांत फोटो कोणी काढले आणि रेखाटनं कोणाची ते लिही, आणि आवाज न घालता पाच सेकंद तसाच राहू दे.